सव्वातीनची झोहरा

"ओढणी दे गो बाय. आज मी तू."

खदिजा फुफीचा, सगळ्या गावाच्या आत्याचा, हा आवाज. अठ्ठावीस वर्षं झाली त्याला, तरी कानाशी आहे. जरा घोगरा, सुपारी गालात ठेवून बोलल्यासारखा. खाडीकाठचं आमचं गाव, रत्नागिरीपासून एसटीनं तासाभरावर. गावातले पुरुष बहरीनला, कुवेतला, दुबईला. मागे बायका, म्हातारे आणि माडांची झाडं. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, दुपारची भांडी आवरली की बायका फुफीच्या पडवीत जमायच्या आणि फुफी त्यांची खतं, म्हणजे नवऱ्यांना धाडायची पत्रं, लिहून द्यायची. तिची एक रीत होती. जिचं खत, तिची ओढणी. समोरच्या बाईची ओढणी ती मागून घ्यायची, आपल्या डोक्यावर ओढायची, क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, "हां, सांग." बाई सांगायची, फुफी लिहायची. खत संपलं की ओढणी जिची तिला परत, मग पाण्याचा एक घोट, मग पुढची बाई.

सगळ्या गावाला ठाऊक होतं की अक्षर फुफीचं आणि बोल बाईचे. माझ्या खतांबद्दलही सगळे तेच समजत होते. माझा नवराही.

खरं असं होतं की अक्षरं येत असूनही मला कागदावर काही उतरवता यायचं नाही, म्हणून मीही फुफीसमोर बसायचे, आणि तिथंही मला काही सांगताच यायचं नाही. "सलाम लिही," एवढं म्हणायचे. "बरं. मग?" फुफी विचारायची. मी सारवलेल्या जमिनीकडे बघत राहायचे. मग फुफी माझी ओढणी कपाळावर जरा खाली ओढायची आणि आपणच लिहू लागायची. तीन-तीन पानं. मी बहरीनला येईपर्यंत चार वर्षं हे चाललं. त्या चार वर्षांत इक्बालला मी सलामापलीकडे एक शब्द पाठवला नाही.

इक्बालनं ती सगळी खतं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली आहेत. त्यातल्या दोन ओळी तर त्याला तोंडपाठ.

ओहोटीचं पाणी गेलं, तुमच्या बंदराच्या वाटे,
भरतीला पुसते मी, त्यांचे दिवस जाती कोठे.

पाहुणे आले, जेवणं झाली, की हा म्हणणार, "आमची आतिका आता गप असते, पण तेव्हा काय लिहायची." आणि मग या ओळी. लग्नानंतरच्या त्या दिवसांत तो कंपनीच्या कॅम्पात राहायचा, एका खोलीत आठ जण. त्या आठही जणांना त्या पाठ झाल्या होत्या म्हणतो. त्यातले दोघं अजून भेटतात आणि मला बघून हसतात. मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, लाजली.

गेल्या हिवाळ्यात फुफी गेली. सप्टेंबरात उबेदभाईंचा फोन आला. इथल्या आमच्या कोकणी मंडळींचा दर वर्षी मेळावा होतो, तेव्हा एक छोटं पुस्तक निघतं, त्याचं उबेदभाई बघतात. फोन इक्बालनं घेतला आणि मला न विचारता सांगून टाकलं, "खदिजा फुफीवर आमची आतिका लिहील. दुसरं कोण लिहिणार?"

"डिसेंबर सरायच्या आत द्या हां, वहिनी," उबेदभाई म्हणाले.

मी खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, वही आणली. लिहिलं: खदिजा फुफी आमच्या गावात राहत होती. ती फार चांगली होती. मग कुकर झाला म्हणून उठले. दुसऱ्या दिवशी आणखी एक ओळ. तिसऱ्या दिवशी वही उघडली आणि मिटली. चौथ्या दिवशी उघडलीही नाही. असं दोनदा झालं, तीनदा झालं. फुफीबद्दल जे खरं होतं ते माझ्याबद्दलही खरं होतं. ती कशी लिहायची हे सांगायचं तर मी काय सांगितलं नाही तेही सांगायला लागत होतं. आणि तो डबा तर बेडरूमच्या कपाटात, इक्बालच्या पासपोर्टच्या शेजारी.

तरी लिहावंसं वाटत होतं. फुफीसाठी नुसतं नाही. सत्तेचाळीस वर्षांची झाले, आणि माझ्या हातचं माझं असं एक पान नव्हतं.

एकदा हूरा भागातल्या एका दुकानात सेलचा ढीग लागला होता. त्यात एक मोरपिशी ओढणी सापडली, पिवळ्या काठाची. मी राखाडी, बदामी असलेच रंग वापरते. ही घेतली आणि घरी आल्यावर आरशासमोर डोक्यावर ओढली. नुसतं बघायला. आणि तोंडून निघालं, "आज मी कोण?"

झोहरा, असं मनात आलं. ओळखीत कुणीच झोहरा नव्हती, म्हणूनही असेल.

झोहरा पहिल्या दिवसापासून माझ्यासारखी नव्हती. ती हमद टाउनला राहते, सातव्या राऊंडअबाउटपाशी. दुधाचा चहा तिला चालत नाही. काळा लागतो, लिंबू पिळलेला, काचेच्या ग्लासात. दुपारची अस्रची नमाज झाली की बरोबर सव्वातीनला ती खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसते. फोन बंद करते. दाराला आतून कडी घालते. कुकरची शिट्टी तिला ऐकू येते, पण ती उठत नाही. एक पान झालं की उठते, मग ते पान कसंही होवो. आणि झोहरा विधवा आहे. हे मी ठरवून केलं नाही. पण नवरा असता तर साडेतीनला त्याचा फोन आला असता, काय करतेस, सुरमई काढलीस का फ्रीजरमधून. म्हणून नवऱ्याला मारायला लागलं. अल्ला माफ करो.

झोहरानं पहिल्या दिवशी शेजारच्या घरातल्या वॉशिंग मशीनच्या आवाजावर पान भरलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये भांडणाऱ्या दोघींवर. तिसऱ्या दिवशी तिला काही सुचलं नाही, तेव्हा तिनं 'सुचत नाही' असं लिहून पुढं न सुचणं कसं दिसतं ते लिहिलं. चौथ्या दिवशी मी थांबते, हे मला ठाऊक होतं. झोहराला ठाऊक नव्हतं. ती बसली. मधे एकदा आतिकाला ताप आला, अंग तापलेलं, डोकं जड. झोहराला ताप नव्हता. ओढणी डोक्यावर घेतली आणि तिनं पान पुरं केलं, वेडंवाकडं, पण पुरं. ओढणी काढल्यावर मी जाऊन झोपले.

असे आठवडे गेले. पानं साधी होती. त्यात खाडी नव्हती, चंद्र नव्हता. पण रोज होती; शुक्रवारी इक्बाल घरी असतो, तेव्हा तो जेवून झोपला की. तारीख, पान आणि खाली सही, झोहरा.

इक्बालच्या संशयाची सुरुवात त्या चहाच्या ग्लासानं झाली. इक्बाल जवळच्याच एका हॉटेलात मेंटेनन्सला आहे, सहाला येतो. त्या दिवशी हात धुवायला सिंकपाशी गेला आणि तिथंच थांबला.

"कोण आलं होतं?"

"कुणी नाय."

"लिंबाची चाय कोण प्यायलं?"

"मीच."

"तू?" त्यानं ग्लास उचलून उजेडात धरला. तळाशी लिंबाची बी होती. "तुला लिंबानं छातीत जळतं."

मी म्हटलं, आज जळलं नाही. ग्लास त्यानं स्वतः धुतला. तो कधी धूत नाही.

दोन दिवसांनी ओढणी बाल्कनीत वाळत होती. माझ्या सगळ्या ओढण्या त्याला ठाऊक आहेत, अर्ध्या त्यानंच आणलेल्या. त्यानं काठ दोन बोटांत धरून पाहिला.

"ही कुणाची?"

"सेलमध्ये मिळाली."

"तुला?"

"मग कुणाला?"

"नाय, असंच विचारलं." संध्याकाळभर तो 'असंच विचारलं' या चेहऱ्यानं बसला होता.

मग फोन. दुपारी साडेतीनला तुझा फोन बंद का असतो. चार्जिंगला असतो. रोज साडेतीनलाच? मी म्हटलं, तुम्ही रोज साडेतीनलाच करता म्हणून तसं वाटतं. यावर तो हसला. पण हसताना त्याचे डोळे माझ्या हाताकडे होते. बोटाला शाई लागलेली होती.

आमची लेक झोया बावीसची आहे, एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. मराठी कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये येतं. ती एकदा चप्पल काढता काढता म्हणाली, "मम्मी, अब्बा आस्क्ड मी, तुझी कोणी नवीन फ्रेंड आहे का."

"मग तू काय सांगितलंस?"

"आय सेड आय डोन्ट नो. सो, आहे का? हू इज शी?"

"कुणी नाय गो."

"ओके. यू आर बोथ बीइंग वीअर्ड," म्हणत ती आत गेली.

इमारतीचा नातूर, म्हणजे रखवालदार, विठ्ठल म्हणून आहे, निझामाबादकडचा. कचरा टाकायला खाली गेले तेव्हा तो खुर्चीतून उठला. "भाभी, साहब पूछ रहे थे, दोपहर में तीसरे माले पे कौन औरत आती है. मैं बोला, कोई नहीं आती. मैं झूठ नहीं बोलता, भाभी." मला त्याचीच कीव आली. कारण त्याच्या खरेपणानं काम आणखी बिघडलं होतं. बाहेरून कुणी येत नाही म्हणजे ती बाई इमारतीतच आहे, असं इक्बालनं धरलं. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये कोणी बाई शिरली की तो तिच्या डोक्यावरची ओढणी बघायचा. चौथ्या मजल्यावरच्या मल्याळी टीचरनं मला विचारलंसुद्धा, तुमच्या मिस्टरांची तब्येत बरी आहे ना.

मीही आता त्याच्यावर नजर ठेवू लागले होते. तो घरात शिरला की आधी कुठं बघतो. उशी सरळ करतो की तिच्याखाली चाचपतो. बिस्किटांचा डबा त्यानं कपाटातून कधी काढला होता? झाकण नीट बसलेलं नव्हतं. एकाच पलंगावर झोपणारी दोन माणसं, आणि दोघंही एकमेकांच्या चपलांचे आवाज मोजत होतो.

एका मंगळवारी पावणेचारला दार वाजलं. चावी फिरली, पण आतून कडी. मी ओढणी सोफ्याच्या गादीखाली कोंबली, वही तांदळाच्या डब्यात, आणि दार उघडलं.

"चष्मा विसरलो," इक्बाल म्हणाला. चष्मा त्याच्या शर्टाच्या खिशात होता. ते त्यालाही दिसलं आणि मलाही, आणि दोघांनीही दुसरीकडे बघितलं.

तो हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये जाऊन आला. वारं लागावं म्हणून बाल्कनीचं दार उघडून आला. मग सोफ्यावर बसला, अगदी त्या गादीवर.

"कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी नाय."

"मी बाहेर उभा होतो जरा वेळ. तू म्हणालीस, झोहरा, उठायचं नाय."

मला ठाऊकच नव्हतं की मी ते मोठ्यानं म्हणते.

"टीव्हीवर असेल."

तो उठला आणि टीव्हीच्या पाठीला तळवा लावून बघितला. टीव्ही गार होता. चष्मा खिशातून काढून डोळ्यांवर घातला आणि कामावर परत गेला.

त्या आठवड्यात उबेदभाईंचा फोन आला. "वहिनी, लेख कुठवर आला? आणि हो, ही झोहरा कोण? इक्बाल मला विचारत होता, आपल्या लोकांत कोणी झोहरा हाय का. आमच्या घरात आता बोलणं चाललंय, मोहर्रकला एक झोहरा हाय म्हणतात, ताईत-बिईत देते. तसलं काही असलं तर सांगा, मी मोठ्या भावासारखा."

"तसलं काही नाही, उबेदभाई."

"नाय, मी पण तेच बोललो. आतिका वहिनी शिकलेली बाई. ज्या बाईनं तशी खतं लिहिली, तिला ताईत कशाला लागतो?"

हे सगळं चाललं असताना झोहराचं पान एक दिवसही चुकलं नाही. आतिकानं कधीच सोडून दिलं असतं. तिला नवऱ्याची भीती, जमातीची भीती, तिला घर शांत हवं. झोहरा मात्र बसायची. आणि त्याच दिवसांत, अकराव्या आठवड्यात, ती आपोआप फुफीपाशी आली. तिनं लिहिलं की एका गावात एक बाई होती, ती दुसऱ्यांच्या ओढण्या डोक्यावर घ्यायची आणि ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांच्यासाठी बोलायची. तिचं स्वतःचं खत मात्र कुणी लिहिलं नाही, कारण तिची ओढणी मागणारं कुणी नव्हतं. मी वाचलं आणि वही मिटून बसून राहिले. हे पान उबेदभाईंना देता येण्याजोगं होतं. मेळाव्यात इक्बालसमोर मात्र ते वाचता येणार नव्हतं.

वही मी तांदळाच्या डब्यात ठेवत होते, प्लास्टिकच्या पिशवीत, तळाशी. आणि एवढ्या वर्षांच्या संसारात मला हे सुचू नये. शुक्रवारी सुट्टी, जुम्म्याची नमाज झाली की आमच्याकडे स्वयंपाक इक्बाल करतो. मासळी तोच साफ करतो. तांदूळही तोच धुतो.

त्या शुक्रवारी मी नारळाच्या दुधाचं पाकीट आणायला खाली गेले होते. झोया मैत्रिणींबरोबर ईसा टाउनच्या बाजारात. वर आले तर इक्बाल स्टुलावर बसला होता, खिडकीकडे पाठ करून. मांडीवर वही. ओट्यावर तांदूळ सांडलेला.

"बस," तो म्हणाला.

मी सोफ्याच्या कडेला टेकले. पाकीट हातातच.

"सगळं वाचलं मी. पहिल्या पानापासून." त्याचा आवाज मोठा नव्हता. "आता कळलं मला. ती बाई विधवा हाय. हमद टाउनला राहते. ती हिरवट ओढणी तिची. तू तिची खतं लिहून देतेस. फुफी लिहायची तशी, तिची ओढणी डोक्यावर घेऊन. ती येते कुठून, विठ्ठल तिला बघत कसा नाय, तेवढं नाय कळलं."

"खतं नाहीत ती."

"मग काय हाय? रोज एक, तारीख घालून, खाली सही. कुणाला धाडते ती? गावी, मुलखात कोण हाय तिचा?" त्यानं पान उलटलं आणि बोट ठेवून वाचलं. "'नवरा गेल्याला तीन वर्षं झाली. घर शांत आहे. चहा एकच करावा लागतो.' काय बाई म्हणायची. नवरा मेला नि हिला चाय कमी झाली त्याचं बरं वाटतंय."

मला हसू आलं. येऊ नये तेव्हाच ते येतं.

"हसू नको गो. उद्या तिच्या दिराला कळलं, तिच्या भावाला कळलं, तर ते माझ्या दाराशी येणार, तिच्या नाय. आपण परक्या मुलखात राहतो."

"झोहरा मीच आहे," मी म्हणाले.

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, दयेनं. झोया लहानपणी फुलदाणी फोडून मांजरीवर घालायची, तेव्हा तो तिच्याकडे असा बघायचा.

"तिला वाचवतेस?"

"अवो, खरंच मीच. ओढणी मीच घेतली. ती डोक्यावर घेतली की मला लिहिता येतं. नाय घेतली तर नाय येत. चार दिवसांच्या वर माझी वही कधी टिकली नव्हती. हिनं अकरा आठवडे एक दिवस चुकवला नाही."

"नि मी तीन वर्षांमागे मेलो?"

"तुम्ही नाही मेलात. झोहराचा मेला."

"का मारलास त्याला?"

"त्याचा साडेतीनला फोन यायचा."

खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न धरून ठेवला होता. मला वाटलं, पटलं त्याला. पण तो मान हलवत उठला, बेडरूममध्ये गेला आणि बिस्किटांचा डबा घेऊन आला. एक खत काढलं, घड्यांवर झिजलेलं, आणि वहीच्या शेजारी ठेवलं.

"ज्याला लिहिता येत नाय, त्यानं दुसरीची ओढणी घ्यावी. तुला कशाला लागते? हे बघ. ओहोटीचं पाणी गेलं. हे तू. नि हे बघ." त्याचं बोट वहीवर आलं. "'सात नंबरच्या बसमध्ये आज दोघी भांडल्या, एकीची पिशवी फाटली.' ही तू नाय. अठ्ठावीस वर्षं वाचतोय मी तुला. तुझा बोल मला कळतो, आतिका. अक्षर तुझं असेल, पण ही बाई दुसरी हाय."

त्याचं बरोबर होतं. डब्यात एक बाई होती आणि वहीत एक, दोघी अगदी वेगळ्या, आणि त्यानं ते एका वाचनात ओळखलं होतं. मी कुठल्या बाजूला आहे, तेवढंच त्याला उलटं दिसत होतं.

तो माझ्या शेजारी येऊन बसला. आता त्याचा आवाज अगदी खाली आला.

"मी काही बोलणार नाय. कुणाला सांगणार नाय, उबेदला पण नाय. एवढंच सांग की अशी एक बाई होती. व्हिसा संपला, मुलखात गेली. ओढणी तिला धाडून देऊ. खलास. आपण मासळी करू, जेवू, नि विसरू."

किती सोपं होतं. हो म्हणायचं. एक बाई होती, गेली. तो दिवसभर पुटपुटला असता, रविवारपर्यंत सगळं जागेवर आलं असतं. लिंबाचा ग्लास सिंकमध्ये दिसला नसता, फोन साडेतीनला उचलला गेला असता. डबा कपाटात, ओळी पाहुण्यांसमोर, माझी मान खाली. आणि सव्वातीनला स्टूल रिकामं. मला झोहराचा जीव वाचवायचा होता आणि त्याला त्याची खतं ठेवायची होती, आणि दोन्ही एका घरात राहणार नव्हतं.

मी वाट बघितली. कुणी बोलेल का माझ्याऐवजी. ओढणी सोफ्याच्या गादीखाली होती, हात घातला असता तर मिळाली असती. मी हात घातला नाही.

"इक्बाल," मी म्हणाले. तोंडावर त्याचं नाव मी कधी घेत नाही. तो दचकला.

"ही खतं माझी नाहीत. फुफीची आहेत. अक्षर म्हणत नाही मी, बोल. मी समोर बसून नुसता सलाम सांगायचे. बाकी सगळं तिनं आपल्या मनानं लिहिलं."

त्याचं बोट खतावरच राहिलं.

"नि ही ओळ?"

"तीही."

"सगळी? चार वर्षं?"

"सगळी."

त्यानं खत उचललं नाही, घडीही घातली नाही. नुसतं बघत राहिला. कॅम्पातली ती खोली, ते आठ जण, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून एकेक करून उठून जात असावं. मग त्यानं विचारलं, "का गो?" रागावून नाही. कचेरीच्या खिडकीवर रांगेत उभा राहिलेला माणूस विचारतो तसं, अर्ज परत का आला म्हणून.

"निकाहानंतर नऊ दिवसांनी तुम्ही गेलात," मी म्हणाले. "नऊ दिवसांत मला तुमचं तोंडसुद्धा नीट पाठ झालं नव्हतं. बायका विचारायच्या, आठवण येते का. मी हो म्हणायचे. आठवायला बसले की तुमचा चेहरा यायचाच नाही. बॅगेची चेन लावल्याचा आवाज यायचा, नि तुमच्या शर्टाची बाही. मला राग यायचा. मला म्हणायचं होतं की मला या घरात एकटीला का ठेवून गेलात, मी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. नव्या नवरीनं असं फुफीसमोर कसं सांगायचं? ती लिहायची की मी भरतीच्या पाण्याला तुमची खुशाली पुसते. मी ऐकायचे, नि मला तिचा हेवा वाटायचा, कारण तिला तुम्ही आवडत होतात. मला नव्हतात. नंतर आवडलात, इथं आल्यावर, फार नंतर. पण तेव्हा नाही. ती चार वर्षं मी एका अनोळखी माणसाला सलाम धाडत होते."